बाईवाला रुपया

बँकेच्या कॅश काउंटरवर मी एकतीस वर्षं काढली. खोटी नोट माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळते, असं मी म्हणायचो आणि आजूबाजूचे ते मानायचेही. निवृत्तीनंतर नाण्यांचा नाद लागला तेव्हा हाच दिमाख सोबत आला. शिवराई, पुण्याचा अंकुशी रुपया, राणीछाप, पंचम जॉर्जचे रुपये असा हळूहळू चार अल्बमचा संसार जमला. ओळखीचे लोक घरात सापडलेली नाणी घेऊन यायचे. मी भिंग लावायचो, हं हं करायचो आणि निकाल द्यायचो. त्यातला एक निकाल कसा चुकला, ते लिहितो आहे. खरं तर एक नव्हे, एकाच नाण्यावर मी चारदा चुकलो.

नाणं आणलं होतं आमच्याच शाखेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं. तो मूळचा हर्णैचा. रुमालाची गाठ सोडून त्यानं ते टेबलावर ठेवलं. "साहेब, फुफीच्या पेटीत होतं. घरात सगळे याला बाईवाला रुपया म्हणतात. बघा ना काय आहे ते."

रुपयापेक्षा ते चांगलंच मोठं होतं. चार सेंटिमीटरच्या आसपास रुंद, हातात घेतलं की मनगटाला जाणवावं असं वजन, आणि रंग जुन्या समईसारखा काळसर. एका बाजूला भरल्या अंगाची, प्रौढ बाई, डोक्यावरून पदरासारखं वस्त्र, खांद्यावर मोत्यांची पिन. दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, छातीवर ढाल. काठाने रोमन अक्षरं आणि शेवटी स्वच्छ आकडे: १७८०. वर गरुडाच्या डोक्यांपाशी डागाचा खवला होता. कधीकाळी तिथे कडी होती आणि नाणं कुणाच्या तरी गळ्यात होतं.

मी १७८० वाचलं आणि तिथेच माझं काम संपलं. म्हणजे मला तसं वाटलं.

"अरे, हे पेशवाईतलं!" मी म्हणालो. "वडगावच्या तहानंतरच्या वर्षीचं. नाना फडणवीस कारभार बघत होते आणि सवाई माधवराव सहा वर्षांचा होता, तेव्हा हे पडलंय." नाणं ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाचं आहे हे मी पुस्तकात पाहून ठेवलं होतं, त्यामुळे माझ्या बोलण्याला वजनही आलं. सहकाऱ्याचा पणजोबा मुंबईहून एडनला जाणाऱ्या बोटींवर खलाशी होता. एडन १८३९ पासून जवळजवळ शतकभर मुंबई सरकारच्याच हाताखाली होतं, तिथून हे नाणं कोकणात येणं अगदी सहज. सगळं जुळत होतं. "किंमत?" त्यानं विचारलं. यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "लाखात जाईल."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत हर्णैला पोचलं आणि रात्री कुवेतला. कुवेतच्या चुलतभावाचा फोन आला, त्याला वाटा हवा होता. ज्या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, पेटीत ते नाणं साठ वर्षं कापसात गुंडाळलेलं होतं, तिच्याकडून ते काढून घेऊन लॉकरमध्ये ठेवायचं ठरलं. ती काही बोलली नाही म्हणे, पण दोन दिवस जेवली नाही. हे मला फार नंतर कळलं.

लॉकरमध्ये जाण्याआधी आठ दिवस नाणं माझ्याकडे होतं. 'फोटो काढून देतो' म्हणून मी ते ठेवून घेतलं होतं. फोटो नीट येईना, काळपटपणामुळे अक्षरं उठत नव्हती. मग एका दुपारी मी ते चिंचेच्या कोळात बुडवलं, आणि वर पांढऱ्या दंतमंजनानं अंगठ्यानं चोळलं. नाणं गौरीच्या मुखवट्यासारखं लखलखलं. बायकोनं दारातूनच विचारलं, "देवाची भांडी घासताना कधी एवढा उत्साह दिसला नाही तुमचा?" मी हसलो. चांदीवरचा तो काळा थर घाण नसतो. हवेतल्या गंधकानं वर्षानुवर्षं चढवलेला तो थर खोलगट भागात बसून बारीक कोरीव काम उठावदार करतो, आणि तो घासताना खालच्या चांदीचे उंचवटेही घासले जातात. हे सगळं मी वाचलेलं होतं. इतरांना सांगितलेलंही होतं.

या नाण्यावर सगळ्यात उंच उंचवटे कोणते? बाईच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती. त्यांचं महत्त्व पुढे येईलच.

दरम्यान मी टाकसाळीची खूण शोधत होतो. आपल्याकडे लहानपणापासून सवय असते: सालाखाली चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईचा एक बारीक ठिपका असतो. इथे बाईच्या खांद्याखाली एस. एफ. अशी दोन अक्षरं होती. मी वहीत लिहिलं: 'सिल्व्हर फाइन'. सहकाऱ्याच्या भाच्यानं सुचवलं, सॅन फ्रान्सिस्को. आम्ही दोघांनी त्यावर पाच मिनिटं गंभीरपणे चर्चा केली, याची आज शरम वाटते. सालापुढे एक्ससारखी फुली होती. ती मी रोमन दहा समजलो आणि त्याचा अर्थ 'दहावा छाप' असा लावला. एस. एफ. म्हणजे शोबल आणि फाबी, गुंट्सबुर्ग टाकसाळीचे दोन अधिकारी. आणि ती फुली म्हणजे १७५० मध्ये ऑस्ट्रियानं स्वीकारलेल्या नव्या चलनमानाची खूण. पण हे कळायला मला पुण्यातलं एक नाण्यांचं प्रदर्शन लागलं.

तिथे एका विक्रेत्याच्या लाल मखमली ताटात तीच बाई मला दिसली. एक नाही, सहा. सहाही १७८०.

"एवढी १७८० ची कुठून आणलीत?" मी विचारलं.

तो हसला. "काका, ही सगळीच १७८० ची असतात. यातलं हे कोपऱ्यातलं माझ्या मुलीपेक्षा लहान आहे."

मारिया थेरेसा १७८० च्या नोव्हेंबरात वारली. पण तिचं नाणं तोवर अरबस्तान आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर इतकं रुळलं होतं, मोखाची कॉफी घ्यायला इतकं पक्कं चलन झालं होतं, की तिथले व्यापारी दुसरं काही हातात घ्यायला तयार नव्हते. नवा राजा, नवा चेहरा, नवं साल दाखवलं तर नाणं परत यायचं. त्यांना हीच विधवा हवी होती, हाच डोक्यावरचा पदर (नवरा गेल्यानंतर, १७६५ पासून, ती तो घेत असे), हेच मोती आणि हाच गरुड. लोक मोती बोटानं मोजून नाणं घेत. अरबीत त्याची नावंही तशीच पडली: ठिपकेवाला, पक्षीवाला. आमच्या हर्णैच्या बाईवाल्या रुपयाचीच ही भावकी. मग ऑस्ट्रियानं ठरवलं, गिऱ्हाईक मागतं तेच द्यायचं. साल गोठवलं आणि नाणं पाडत राहिले. व्हिएन्ना, प्राग, मिलान, व्हेनिस. पुढे १९३५ मध्ये इथिओपियावर चालून जाण्याच्या तयारीत असलेल्या मुसोलिनीनं ऑस्ट्रियाकडून हक्क मिळवून रोममध्ये ती पाडायला घेतली, कारण इथिओपियात दुसऱ्या पैशाला किंमत नव्हती. मागोमाग पॅरिस, लंडन, ब्रुसेल्स. शतकाच्या मध्यावर बर्मिंगहॅमही. साठच्या दशकात बाकीच्यांनी थांबायचं मान्य केलं. व्हिएन्ना मात्र अजूनही पाडते, आणि साल घालते १७८०.

मी त्या ताटासमोर उभा होतो तेव्हा मला धक्का बसला तो नाण्याचा नव्हे, माझ्याच अल्बमचा. माझ्याकडे व्हिक्टोरियाचे १८६२ चे अकरा रुपये आहेत. ते साल १८७४ पर्यंत गोठलेलं होतं, बारा वर्षं तेच साल छापलं गेलं, आणि मुंबईच्या टाकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून ठिपके देऊन हिशेब ठेवला. ते ठिपके मी स्वतः भिंगाखाली मोजलेत. त्याआधीचा १८४० चा रुपयाही तसाच वीसेक वर्षं चालला. बंगालमधल्या कंपनीच्या सिक्क्यावर शाह आलमचं एकोणिसावं राज्यवर्ष कायमचं थांबून राहिलं होतं. आणि आपला अंकुशी रुपया? पुण्यात पडलेला, वर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव, अंकुश तेवढा आपला. नाण्यावरचा मजकूर हा बाजारानं ओळखावा म्हणून असतो, जन्मदाखला म्हणून नव्हे, हे ज्या पुणेकराला अंगवळणी पडलेलं असायला हवं तोच मी. पण नाणं युरोपचं होतं. युरोपचं साल खरंच असणार, ही कसली बुद्धी माझी!

घरी आलो तो दुसऱ्या टोकाला जाऊन. अस्सल नाही म्हणजे खोटं असेल, असं डोक्यात बसलं. सराफाच्या काट्यावर वजन केलं: २७.७१ ग्रॅम. पुस्तकात २८.०७. एवढी तूट! मग विशिष्ट गुरुत्व काढलं. काम सोपं आहे: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्यानं पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. माझ्या काट्यानं २.७२ दाखवले. २७.७१ ला त्यानं भागलं की १०.१९ येतं. शुद्ध चांदी १०.५. झालं, भेसळ! मी सहकाऱ्याला फोन करून सांगितलं, "घाई करू नका, मला नाणं खोटं वाटतंय." कुवेतचा चुलतभाऊ म्हणाला, हा म्हातारा आता नाणं स्वस्तात लाटायला बघतोय. त्याच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो.

चूक गणितात नव्हती. मी तुलना ज्याच्याशी करत होतो ते चुकीचं होतं. या नाण्यात चांदी सहा भागांतले पाच भाग, म्हणजे हजारात ८३३, उरलेलं तांबं. आपल्या रुपयाला ९१६ ची सवय असलेल्या माझ्या मनानं तसंच काहीतरी गृहीत धरलं होतं. ८३३ ची चांदी आणि बाकी तांबं यांचा हिशेब मांडला तर विशिष्ट गुरुत्व १०.२ च्या आसपासच यायला हवं. म्हणजे माझ्या पेल्यानं नाणं खरं असल्याचा पुरावा दिला होता आणि मी तोच पुरावा उलटा वाचला होता. वजनातली तूट? गळ्यातली वर्षानुवर्षांची झीज. त्यात माझं दंतमंजनही धरा.

मग मी माफी मागितली. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तेवढ्यात मला मुंबई सापडली.

दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इटालियनांशी लढताना ब्रिटिशांना तिथल्या लोकांना द्यायला ही नाणी हवी होती आणि ती लंडनहून पोचवणं सोपं नव्हतं. म्हणून १९४० पासून ती आपल्या फोर्टातल्या, आज रिझर्व्ह बँकेसमोर उभ्या असलेल्या टाकसाळीत पाडली गेली. सुमारे १ कोटी ८८ लाख! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. मुंबईत पडलेलं, वर साल १७८०, एडनमार्गे हर्णैला आलेलं नाणं. याहून सुंदर गोष्ट कुठली? मी मनात लेखाचा मथळासुद्धा ठरवला.

या मोहाला एक पूर्वपीठिका आहे. माझ्याकडे १९११ चा एक ब्रिटिश व्यापारी डॉलर आहे: हातात त्रिशूळ घेतलेली उभी ब्रिटानिया, मागे चिनी आणि मलायी अक्षरं. ही नाणी १८९५ पासून चीन आणि मलायाच्या व्यापारासाठी मुख्यतः मुंबईतच पाडली गेली. मी ते घेतलं तेव्हा खूण दिसेना म्हणून दोन वर्षं चिठ्ठीवर 'लंडन' लिहून ठेवलं होतं. लंडननं ती फक्त १९२५ आणि १९३० मध्ये पाडली होती, हे बघायचे कष्ट घेतले नव्हते. मग एकदा टेबललॅम्प आडवा धरला आणि त्रिशुळाच्या मधल्या टोकावर इवलंसं बी चमकलं. तेव्हापासून प्रत्येक परदेशी नाण्यात मी मुंबई शोधतो. जाता जाता: त्या डॉलरवर चिनी सराफांनी आपापले शिक्के ठोकले आहेत, नाणं खरं असल्याची ग्वाही म्हणून. आणि हाँगकाँगमध्ये पैसे घेणाऱ्या खिडकीला आजही 'श्रॉफ' म्हणतात, आपल्याच सराफापासून. एकतीस वर्षं मी श्रॉफच होतो, फक्त शिक्का न ठोकणारा.

तर बाईवाल्या रुपयावर बी नव्हतं, कुठल्याच टाकसाळीनं या नाण्यावर आपलं नाव घातलेलं नाही. मुद्दाच तो होता, फरक दिसता कामा नये. तरी फरक राहतातच. गरुडाच्या शेपटीच्या पिसांची मांडणी, पिनेवरच्या मोत्यांची संख्या आणि आकार, बाईच्या डोक्यावरच्या पदराची घडी. आणि कड. या नाण्याच्या कडेवर दाते नसतात, लॅटिन अक्षरं असतात: युस्टिशिया एट क्लेमेन्शिया, म्हणजे न्याय आणि दयाबुद्धी. त्या शब्दांमधल्या वेलबुट्टीवरूनही टाकसाळी वेगळ्या काढतात. या तपशिलांवर जाणकारांनी अख्खे ग्रंथ लिहिले आहेत. मी त्यातले फोटो बघितले, आणि मला मुंबई हवी होती म्हणून मुंबईच दिसली. पिसं जुळतात असं वाटलं. कड जुळते असं वाटलं. मोती जुळतात की नाही ते सांगता येईना, कारण मोती मी घासून टाकले होते. नऊच्या जागी एक गुळगुळीत टेकाड उरलं होतं. मी तेही मुंबईच्या बाजूनं धरलं.

हा तिसरा निकाल मी फोनवर दिला नाही. स्वतः हर्णैला गेलो. एकतर माफी तोंडावर मागायची होती, दुसरं म्हणजे ही गोष्ट सांगून सगळ्यांना खूश करायचं होतं.

फुफी पडवीत बसली होती. ऐंशीच्या पुढची. मी सगळं सांगितलं: युद्ध, मुंबईची टाकसाळ, १९४०. तिनं शांतपणे ऐकलं आणि भाच्याला म्हणाली, "तो फोटो आण."

पुठ्ठ्यावर चिकटवलेला स्टुडिओतला फोटो होता. खुर्चीत बसलेली एक तरुण मुलगी, फुफीची आई, लग्नानंतर मुंबईत काढलेला. गळ्यात काळ्या दोऱ्यात, बाकी दागिन्यांच्या खाली, एक मोठं नाणं. गरुडाची बाजू पुढे होती. पसरलेले पंख आणि वरच्या कडीचं टोक भिंगाखाली स्पष्ट दिसलं, अगदी जिथे आता डागाचा खवला आहे तिथेच. पुठ्ठ्याच्या मागे शाईनं तारीख होती आणि साल १९३४.

"आईनं ते लग्नात घातलं होतं," फुफी म्हणाली. "तिच्या आजोबांनी आणलेलं. तुमची चाळीसची टाकसाळ ते कसं आणणार, भाऊ?"

एवढे महिने मी नाण्याला सगळं विचारलं होतं. ज्या बाईच्या पेटीत ते होतं तिला एकदाही विचारलं नव्हतं. बँकेत कुणी दागिना तारण ठेवायला आला की पहिला प्रश्न असायचा, हा तुमच्याकडे कधीपासून? इथे तो प्रश्न मला सुचलाच नाही.

त्या एका सालानं रोम, पॅरिस, लंडन, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम, मुंबई सगळ्या एका झटक्यात पुसल्या. १९३५ च्या आधी हे नाणं ऑस्ट्रियाच्याच टाकसाळीत पडायचं, आणि १८६६ मध्ये व्हेनिस हातातून गेल्यावर फक्त व्हिएन्नात. पुढे मी ते एका जाणकाराकडे घेऊन गेलो. त्यांनी पिसं बघितली, कड फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, व्हिएन्नाचं दिसतंय. १८६८ मध्ये ब्रिटिश सेनानी नेपियरची फौज मुंबईहून अबिसिनियावर, म्हणजे इथिओपियावर, गेली तेव्हा ब्रिटिशांनी ही नाणी व्हिएन्नाकडून लाखोंनी घेतली होती, त्यातलं असेल का, असं मी विचारलं. पुन्हा गोष्ट सुंदर करायचा मोह! त्यांनी भिंग खाली ठेवलं. "मोती असते तर याहून जवळ गेलो असतो. कुणी घासलं हे?"

मी सांगितलं, मी.

लाखाचं काय झालं, हे लोक विचारतात. पूर्ण वजनाच्या नाण्यातही चांदी २३.३९ ग्रॅमच असते. घासलेल्या, डागाच्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं. कुवेतचा चुलतभाऊ हे ऐकल्यावर फोन करेनासा झाला.

नाणं लॉकरमधून काढून फुफीच्या पेटीत परत गेलं. तिनं त्याला पुन्हा कडी लावून घेतली नाही, पूर्वीसारखंच कापसात गुंडाळलं. सोबत मी एक छोटं पाकीट दिलं, त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय: मारिया थेरेसा टालर. व्हिएन्ना, १९३४ च्या आधी. २७.७१ ग्रॅम. मोती घासलेले आहेत.